जाती की प्रजाती?

आम्ही नाशिकची काही मंडळी हिवाळ्यात शाळेच्या मुलांना नांदूर मध्यमेश्वरला पक्षी दाखवायला नेतो. यंदा मुलांसाठी पश्चिम आफ्रिकेजवळच्या साओ तोमे बेटावरच्या दुर्मिळ फिंचबद्दल पानभर माहिती लिहितेय. ‘नवी प्रजाती’ लिहू की ‘नवी जाती’? वर्तमानपत्रांत तर प्रजातीच दिसतं.

— ताई, जातीच लिहा. मोठा गट म्हणजे कुल, कुलात वंश आणि वंशात जाती अशी उतरंड आहे, आणि जुन्या पुस्तकांत ‘प्रजाती’ हा शब्द वंशासाठीही यायचा. या पक्ष्याच्या बाबतीत तर हा फरक फार महत्त्वाचा. १८८८ मध्ये बोकाज या पोर्तुगीज प्राणिशास्त्रज्ञाने त्याचं वर्णन केलं तेव्हा जाती नवी होती, वंश मात्र जुनाच; सुगरणींच्या कुलातल्या एका आफ्रिकी वंशात त्याने तो बसवला. १९०३ मध्ये साल्वादोरी या इटालियन पक्षिशास्त्रज्ञाने त्याच्यासाठी निओस्पायझा हा वेगळा वंश केला. म्हणजे जाती तीच, वंश नवा. पुढे २०१७ मध्ये जनुकीय अभ्यासातून तो क्रिथाग्रा वंशातला, कॅनरी पक्ष्यांचा जवळचा नातलग ठरला. त्याची ती जाड चोच आणि दांडगा देह पाहून कुणाला वाटलं असतं? प्रत्येक वेळी ‘प्रजाती’ लिहिलंत तर नेमकं काय बदललं ते मुलांना कळणारच नाही.

— पटलं सर. पण ‘जाती’ म्हटलं की मुलांना शाळेच्या दाखल्यावरची जात आठवते, त्याचं काय?

— म्हणून शब्द सोडायचा नाही, एकदा नीट समजावायचा. मला अडचण वेगळीच दिसते. आपल्याकडे निफाड-दिंडोरीत थॉमसन, सोनाका यांनाही द्राक्षाच्या जाती म्हणतात. ते वाण आहेत, दोन्ही एकाच जातीतले. मुलं बागायतदारांच्या घरची असतील तर हेच उदाहरण द्या, लगेच कळेल.

— आणि १९९१ साली ‘शोध लागला’ लिहू का?

— नको. ‘पुन्हा दिसला’ लिहा. जवळजवळ शंभर वर्षं त्याची नोंद नव्हती, पण शास्त्राला तो ठाऊक होता. ‘फिंच’ मात्र तसाच ठेवा. चिमणी लिहू नका, मनोलीही नको. दोन्ही निराळ्या कुलांतल्या.