'गेलतो'चं इंग्रजी काय? साध्या भूतकाळाचे तुमचे अनुभव लिहा

लातूर जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी इंग्रजी शिकवतो. आमच्या वेळी एबीसीडी पाचवीत यायची. 2000 पासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं, तरी साधा भूतकाळ आला की वर्ग अजूनही अडतो. सोमवारी पोरांना विचारलं, काल काय केलं? एक जण म्हणाला, "सर, म्या मामाच्या गावाला गेलतो." इंग्रजीत लिही म्हटलं तर फळ्यावर 'आय हॅड गॉन'. त्यानं 'गेलतो'मधला 'होतो' इमानदारीनं इंग्रजीत नेला होता. कालची गोष्ट सांगताना आपल्या तोंडी 'गेलो होतो' सहज येतं. इंग्रजीत तिथं नुसतं 'वेन्ट' पुरतं. 'हॅड' लागतो तो दोन घटनांतली आधीची कोणती हे दाखवायला: मी स्टँडवर पोचलो, तोवर एसटी गेली होती. तिथं 'हॅड' एसटीला. हे मला कुणी उलगडून सांगितलं नव्हतं, आणि 15 वर्षं मी वह्यांवर नुसती लाल फुली मारत आलो. त्याचं फार वाईट वाटतं. तुम्ही कुठं अडलात, कसे सुटलात, सविस्तर लिहा.

नांदेडहून, परिचारिका
सर, मी 'डिड'ला अडले. रात्रपाळीच्या नोंदीत लिहायचे, 'पेशंट डिड नॉट स्लेप्ट'. मोठ्या सिस्टरनी 'स्लेप्ट'भोवती पेन्सिलीनं गोल काढला आणि शांतपणे म्हणाल्या, "अगं, भूतकाळाचं ओझं 'डिड'नं उचललंय ना? मग 'स्लीप'च्या डोक्यावर परत कशाला देतीस?" त्या दिवसापासून चूक झाली नाही. प्रश्नातही तेच चालतं: डिड यू स्लीप? मराठीत 'झोपला नाही' म्हणताना भूतकाळ क्रियापदातच राहतो, म्हणून हात तिकडं वळतो.

वाळूजहून, कंपनीत कामाला
साहेबांचा फोन आला. मी जागेवरून उठत होतो, म्हणालो, "आय केम सर." त्यांना वाटलं मी येऊन गेलो. आपलं 'आलोच' भूतकाळाच्या रूपात असतं, पण माणूस अजून निघालेला नसतो! इंग्रजीत 'केम' म्हणजे येणं झालं, संपलं. तिथं 'आय अ‍ॅम कमिंग' म्हणायचं.

बीडहून
माझी अडचण उच्चाराची. बारावीपर्यंत मी 'वॉक-एड', 'हेल्प-एड' असंच वाचायचो. कॉलेजच्या मॅडमनी गळ्यावर बोट ठेवायला लावलं. 'प्ले' म्हणताना शेवटी गळा थरथरतो, म्हणून 'प्लेड'. 'वॉक'च्या शेवटच्या 'क'ला थरथरत नाही, म्हणून 'वॉक्ट'. मुळात शेवटी ट किंवा ड असेल तरच वेगळा 'इड' ऐकू येतो: वॉन्टिड, नीडिड. स्पेलिंग तिन्हीकडं सारखंच. आता एकटा असलो की मोठ्यानं वाचतो, बोट गळ्यावरच.

परभणीहून, शेतकरी
आमची लेक कापूस वेचताना 'गो, वेन्ट, गॉन' म्हणत सरी संपवती. आम्हाला कळत नाही, पण ऐकायला बरं वाटतं.

धाराशिवहून
मला उलट सोपं गेलं ते सांगते. भाकर खाल्ली, आंबा खाल्ला, बोरं खाल्ली, आपल्याकडं खाण्याच्या वस्तूप्रमाणं रूप बदलतं. इंग्रजीत सगळ्याला एकच 'एट'. मी खाल्लं काय, तिनं खाल्लं काय, 'एट'च. वर्तमानातला तो 'एस'सुद्धा इथं नाही. फक्त 'वॉज' आणि 'वेअर'चं तेवढं सांभाळायचं. घाबरलेल्या लेकरांना आधी हे सांगा सर, धीर येतो.

हिंगोलीहून
माझं शिक्षण सातवीत सुटलं. आता मुलगा सहावीत आहे, त्याच्यासोबत शिकायलेय. 'रीड'चा भूतकाळ लिहायला तसाच आणि वाचायला 'रेड', यावर आम्ही दोघं भांडलो. तो बरोबर निघाला. रोज झोपताना दिवसभराची चार वाक्यं वहीत लिहायची असं ठरवलंय. कालची ही: आय वोक अप अ‍ॅट फाइव्ह. आय मेड भाकरी. वी वेन्ट टू द फील्ड. इट डिड नॉट रेन.
चौथ्याला मी आधी 'रेन्ड' लिहिलं होतं. वर नांदेडच्या ताईंचं वाचलं आणि रात्रीच खोडून नीट केलं.