कोरियात राहायला जातोय: कचरा, गरम फरशी, शाकाहार आणि बाकीचं रोजचं

शेवग्याची_शेंग यांचा प्रश्न:

नवऱ्याला सुवॉनमध्ये नोकरी लागली आहे, ऑक्टोबरअखेर आम्ही दोघं निघतोय. सुरुवातीला एका खोलीचं घर, ज्याला तिथे 'वनरूम' म्हणतात. व्हिडिओंमध्ये सगळे राजवाडे नि कॅफेच दाखवतात. मला रोजचं जगणं कळायला हवंय: कचरा कसा टाकायचा, थंडीत घर कसं तापवायचं, मोबाइल-बँकेची कामं कशी होतात, शेजारपाजार कसा सांभाळायचा. मी अंडं खाते, मांस-मासे नाही. जाणकारांनी सविस्तर सांगावं.

---

गवतीचहा:

कचऱ्यापासून सुरुवात करा, शेजाऱ्यांशी पहिला खटका तिथेच उडतो.

१९९५ पासून कोरियात कचऱ्याचे पैसे आकारमानावर घेतात, आणि ते पिशवीच्या किमतीतच वसूल होतात. पालिकेची छापील पिशवी (जोंग्न्यांगजे बोंगथू) कन्व्हीनियन्स स्टोअरच्या गल्ल्यावर मागायची. सुवॉनची पिशवी शेजारच्या योंगइनमध्ये चालत नाही. सोलमध्ये तर प्रत्येक 'गू'ची (शहराच्या प्रशासकीय विभागाची) वेगळी. दोघांना १० लिटरची पुरे. मोठी परवडते म्हणून ५० लिटरची घेतलीत, तर ती भरेपर्यंत वास तुम्हीच घ्यायचा.

खरकटं वेगळं टाकायचं, आणि आपली माणसं हमखास चुकतात ती इथे. 'ओला' तो सगळा एकत्र, हा आपला हिशेब तिथे चालत नाही. जनावराला खायला घालता येईल का, हा निकष, कारण त्यातून पशुखाद्य नि खत करतात. म्हणून अंड्याची टरफलं, कांद्या-लसणाची सालं, आंब्याची कोय, शेंगांची फोलं, चहाचा चोथा हे सगळं साध्या कचऱ्याच्या पिशवीत. कलिंगडाची साल मात्र खरकट्यात, बारीक तुकडे करून. बारीकसारीक नियम गावोगाव थोडे बदलतात, तेव्हा पालिकेचा तक्ता फ्रिजवर चिकटवा. मोठ्या संकुलांत कार्ड टेकवलं की डब्याचं झाकण उघडतं आणि वजनाप्रमाणे बिल लागतं. आमटी न निथळता ओतली तर पाण्याचेही पैसे भरता.

पारदर्शक प्लास्टिकच्या बाटल्या इतर प्लास्टिकपासून वेगळ्या: रिकामी करा, विसळा, लेबल सोला, चेपा, झाकण लावा. रामेनचा लाल डाग न निघालेला कप पुनर्वापरात जात नाही. खुर्ची, गादी टाकायची तर वॉर्डाच्या कार्यालयातून किंवा ऑनलाइन पैसे भरून स्टिकर घ्यायचं.

वार आणि वेळ इमारतीच्या दाराशी लिहिलेली असते, बहुधा सूर्यास्तानंतरची. चुकीची पिशवी उचलत नाहीत, वर सूचना चिकटवून तिथेच सोडतात. आतल्या पार्सलच्या वेष्टनावरून पत्ताही शोधून काढतात. दंड १० लाख वॉनपर्यंत जाऊ शकतो.

---

पाटपाणी:

घर तापवण्याबद्दल. फरशीखालच्या नळ्यांतून गरम पाणी फिरतं, ते ओन्दोल. भिंतीवर एक पॅनेल असतं, बटणं कोरियनमध्ये. 'सिल्लै' लावलं की बॉयलर खोलीतल्या हवेचं तापमान बघून चालू-बंद होतो. 'ओन्दोल' लावलं की पाण्याचं तापमान बघून. 'ओन्सू' म्हणजे नळाचं गरम पाणी. 'येयाक' म्हणजे ठरावीक तासांनी आपोआप पेटणारा टायमर.

सिल्लै २० ते २२ वर ठेवा. पण पॅनेल दाराजवळ, वाऱ्याच्या झोतात असेल तर त्याला खोली कायम थंडच वाटते, बॉयलर थांबत नाही आणि गॅसचं बिल फुगतं. अशा घरात 'ओन्दोल' बरं. फरशी तापायला वेळ लागतो, म्हणून गार वाटलं की आकडा ३० वर नेणं फुकट: लवकर तापत नाही, नंतर उकडतं मात्र.

'वेछुल' (बाहेर गेल्याचं बटण) लोक रोज ऑफिसला जाताना दाबतात. बऱ्याच मॉडेलांत ते फक्त पाणी गोठू नये एवढंच बघतं. संध्याकाळी गारठलेली फरशी पुन्हा तापवण्यात वाचवलेला गॅस जातो. दिवसापुरतं बाहेर जायचं तर दोन-तीन अंश कमी करा; वेछुल लांबच्या प्रवासासाठी. जानेवारीत बॉयलर पूर्ण बंद करून भारतात येऊ नका. उणे १० च्या खाली गेलं की नळाची बारीक धार सोडून ठेवायची, नाहीतर पाइप गोठतो.

दुसरा शत्रू बुरशी. बंद खोली, आत वाळत घातलेले कपडे, त्यात रोजच्या कुकरची वाफ, आणि बाहेरची भिंत बर्फासारखी. कपाट त्या भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा, स्वयंपाकानंतर खिडक्या दहा मिनिटं सताड उघडा, थंडी असली तरी. गादी जमिनीवर घालत असाल तर सकाळी उभी करा. फोमची किंवा लेटेक्सची गादी तापलेल्या फरशीवर पसरून ठेवू नये, खाली उष्णता कोंडते.

दाराचं कुलूप आकड्यांचं असतं, आत बहुधा चार पेन्सिल सेल. सेल उतरू लागले की वेगळी धून वाजते. ती ऐकून सोडून दिली आणि बाहेर अडकलात, तर कन्व्हीनियन्स स्टोअरमधून ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी आणा, कुलपाच्या बाहेरच्या दोन धातूच्या टिंबांना टेकवून धरा आणि आकडे दाबा. उघडतं.

---

अर्धविराम:

आता कागदपत्रं. मराठी माणसाला यात खास ताप आहे: मधलं नाव.

पोहोचल्यापासून ९० दिवसांत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करावी लागते. वेळ ऑनलाइन आधी घ्यायची, तारखा लवकर भरतात. कार्डावर नाव पासपोर्टातल्या रोमन अक्षरांत येतं: आडनाव, मग स्वतःचं, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं. पुढे बँकेत एक कर्मचारी सगळं सलग लिहितो, मोबाइलच्या दुकानात दुसरा मधलं नाव गाळतो. ऑनलाइन खरेदी, तिकिटं, बँकेचं अॅप, सगळीकडे ओळख पटवतात ती मोबाइल कंपनीकडच्या नावावरून. एका मोकळ्या जागेचा फरक असला तरी 'माहिती जुळत नाही' येतं, आणि दोष कुठे ते कुणी सांगत नाही. म्हणून दोन्ही ठिकाणी कार्ड पुढे करून, पडद्यावर अक्षरं कशी टंकली ते तिथल्या तिथे बघून घ्या.

पर्यटकांच्या प्रीपेड सिमवर ही ओळखपडताळणी होत नाही. आणि नवऱ्याच्या नावावरचा दुसरा नंबर वापरू नका. तुमच्या नावाची जोडणी नसेल तर साध्या खरेदीलाही त्याच्यावर अवलंबून राहाल.

लग्नाचा दाखला भारतातूनच अपोस्टिल (परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचा सरकारी शिक्का) करून न्या, आरोग्य विम्यात तुमचं नाव घालताना लागतो. अडलं तर १३४५ वर फोन करा. परदेशी लोकांसाठीच आहे, इंग्रजी चालतं. पोलीस ११२, रुग्णवाहिका नि आग ११९.

---

भाजणी:

शाकाहार जमतो, पण 'मांस नको' एवढ्याने भागत नाही. हॅम, फिशकेक आणि रस्सा यांना बरेच जण मांसात धरत नाहीत. दोएनजांग जिगेत (आंबवलेल्या सोयाबीनचा रस्सा) सुकवलेल्या मासळीचं पाणी, त्तोकबोक्कीत (तिखट रशातल्या तांदळाच्या कांड्या) फिशकेक, किमचीत (आंबवलेली कोबीची भाजी) खारवलेली कोळंबी किंवा माशाचा अर्क. बिबिम्बाप (वर भाज्या घातलेला भात) मांस काढून मागितला तरी वरची लाल चटणी कधीकधी खिम्यात परतलेली असते. साधी गोचुजांग (आंबवलेली मिरचीची चटणी) मागा. किम्बापमधून (समुद्री शेवाळात गुंडाळलेला भात) हॅम आणि खेकडाकांडी दोन्ही काढायला सांगा, अंडं तुम्हाला चालतंच. उन्हाळ्यात खोंगुक्सू, म्हणजे सोयाबीनच्या थंडगार दुधातल्या शेवया, सगळ्यात निर्धास्त. देवळातलं बौद्ध जेवण मिळालं तर सोडू नका. त्यात कांदा-लसूणही नसतो.

डाळी, कणीक, मसाले सोलच्या इथेवॉनमध्ये मशिदीजवळच्या दुकानांत मिळतात. तुम्हाला आनसान जवळ, तिथल्या वॉनगोक-दोंगमध्येही. तेव्हा बॅगा डाळींनी भरू नका.

जेवताना: भात नि सूप चमच्याने, वाटी हातात उचलायची नाही, वडीलधाऱ्यांनी सुरुवात केल्यावर आपण. टिप देत नाहीत. चमचे-काड्या दिसल्या नाहीत तर टेबलाच्या बाजूचा खण उघडा.

---

शेवग्याची_शेंग:

खूपच उपयोगी! कुकर आणि मिक्सर नेऊ का? आणि बरोबर दिवाळीचा फराळ चालेल ना?

---

पाटपाणी:

वीज २२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. मिक्सर चालतो, आपली जाड तीन पिनांची प्लग मात्र बसत नाही, अॅडॉप्टर लागतो. बऱ्याच वनरूममध्ये इंडक्शन असतं, त्यावर ॲल्युमिनियमचा कुकर तापतच नाही. इंडक्शनच्या बुडाचा, स्टीलचा घ्या. आवाजाबाबत तिथे फार संवेदनशील असतात: रात्री १० ते सकाळी ६ मिक्सर, कपड्यांचं मशीन, शिट्ट्या बंद. वरच्या मजल्याचा त्रास तुम्हाला झाला तर थेट दार ठोठावू नका, इमारतीच्या व्यवस्थापकाला सांगा.

---

भाजणी:

फराळ न्या, पण अनारसे नकोत! खसखस तिथे अमली पदार्थांत धरतात, बेगलवर भुरभुरायचा तयार मसालाही त्यापायी जप्त होतो. घरच्या मसाल्यात खसखस असेल तर तोही वगळा. ताजी फळं, कढीपत्त्याची पानं, बियाणं आणि मांसाचे पदार्थही नकोत. चकली, शंकरपाळे, बेसनाचे लाडू दुकानाच्या बंद पाकिटातले, घटकांची इंग्रजी यादी असलेले घ्या, म्हणजे तपासणीत समजावत बसावं लागणार नाही. शंका असेल ती वस्तू उतरल्यावर आपणहून जाहीर करा.