मदत हवी आहे : घडीचे कटिंग टेबल खराब आले आहे, परत करावे की दुरुस्त करावे?

नवी_फळी

मी घरच्या कार्यशाळेसाठी घडीचे कटिंग टेबल मागवले होते. ते आले आहे, परंतु वाकडे आहे. कापलेली फळी नीट येत नाही आणि टेबल डुलते. परत पाठवण्याची मुदत दोन दिवसांत संपत आहे आणि माझे एक कपाट अर्धवट पडले आहे, म्हणून कृपया लवकर सांगावे : हे टेबल मी परत करावे की थोडेफार ठाकठीक करून वापरावे?

मोजमाप

आपली घाई समजते, पण एवढ्या माहितीवर कोणीही खात्रीने उत्तर देऊ शकणार नाही. "फळी नीट येत नाही" या तक्रारीचे तीन निरनिराळे अर्थ होतात. कापलेली कड स्वतःच कमानीसारखी येत असेल, तर गाईड रेलला (करवत जिच्या कडेने सरकते त्या पट्टीला) बाक आहे. कड सरळ आहे पण फळी गुण्यात, म्हणजे काटकोनात, येत नाही, असे असेल तर रेल आणि फेन्स (फळी जिला टेकवून धरतात ती आडवी पट्टी) यांच्यातला कोन बिघडला आहे. आणि वरून सगळे ठीक दिसत असून फळीच्या जाडीत काप तिरपा जात असेल, तर दोष टेबलाचा नसून सर्क्युलर सॉच्या (गोल पात्याच्या करवतीच्या) पायाच्या पट्टीचा असण्याची शक्यता अधिक. यांपैकी आपले काय होत आहे? टेबल कोणत्या बांधणीचे आहे, रेल बिजागरीवर उचलणारी आहे की सुटी, आणि खोके कोणत्या अवस्थेत मिळाले, हेही लिहावे.

स्वतःचा_बाक

मी चार वर्षांपूर्वी असेच एक टेबल घेतले होते आणि सहा महिन्यांत काढून टाकले. १८ मिलिमीटरच्या चांगल्या प्लायवुडच्या उभ्या पट्ट्या एकमेकींत खाचा पाडून जाळीसारख्या बसवा, वर एमडीएफची (लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या पाटाची) फळी टाका आणि खाली आधाराचे दोन लाकडी घोडे ठेवा. यापेक्षा भक्कम टेबल बाजारात मिळत नाही. खाचा सैल वाटल्या तर गोंद लावा. पैसे परत घ्या आणि स्वतः बनवा, हाच माझा सल्ला आहे.

मोजमाप

आपली बांधणी उत्तम आहे, याबद्दल वाद नाही. मात्र ती जाळी बनवायला प्लायवुड गुण्यात कापावे लागते, आणि धागाकर्त्याची अडचण नेमकी तीच आहे. शिवाय त्यांचा प्रश्न हातात असलेल्या टेबलाचा आहे आणि त्याला दोन दिवसांची मुदत आहे.

नवी_फळी

क्षमस्व, या गोष्टी सर्वांना ठाऊक असतील असे मी गृहीत धरले. चौकट अ‍ॅल्युमिनियमच्या सेक्शनची आहे, चार कोपऱ्यांना ओतीव अ‍ॅल्युमिनियमचे तुकडे आहेत आणि पाय त्यांतच बसतात. वर २० मिलिमीटरची भोके असलेली एमडीएफची फळी आहे. रेल मागच्या बाजूला बिजागरीवर उचलते आणि पुढे एका खाचेत बसते. कड सरळ येते, पण फळी गुण्यात येत नाही. ६०० मिलिमीटर लांबीच्या कापात शेवटाला २.५ मिलिमीटरचा फरक पडतो. एक पाय जमिनीला टेकत नाही. फळीवर लांब पट्टी ठेवली तर मध्यभागी सुमारे १ मिलिमीटर पोकळी दिसते.

बारीक_दात

आपण पाते कोणते वापरता हे लिहिलेले नाही. प्लायवुडसाठी २४ दातांचे पाते वापरले, तर वरच्या पापुद्र्याच्या चिरफळ्या निघतात आणि कड वाकडी असल्याचा भास होतो. १६५ मिलिमीटरच्या पात्याला किमान ४० दात असावेत, आणि कापाच्या रेषेवर चिकटपट्टी लावली तर कड आणखी स्वच्छ येते. पाते बदलून एकदा पुन्हा तपासावे.

जुनी_पटाशी

दातांची संख्या कडेच्या सफाईसाठी महत्त्वाची आहे, हे मान्य. परंतु ६०० मिलिमीटरमध्ये २.५ मिलिमीटर म्हणजे जवळजवळ पाव अंशाची चूक झाली, आणि ती कोणत्याही पात्याने येत नाही किंवा जातही नाही.

धागाकर्त्यांनी आधी डुलण्याचा शोध घ्यावा. टेबल आहे त्याच जागी अर्धा फेरा फिरवून ठेवा. टेबलाचा तोच पाय पुन्हा अधांतरी राहिला तर दोष टेबलात आहे, आणि जमिनीच्या त्याच जागेवर आलेला दुसरा पाय उचलला गेला तर दोष जमिनीत आहे. त्यानंतर दोन बारीक दोरे वरच्या फळीच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांवरून कर्णासारखे ताणा आणि चारही टोकांखाली सारख्या जाडीचे तुकडे ठेवा. मध्ये दोरे एकमेकांना नुसते स्पर्श करत असतील तर चौकटीला पीळ नाही. एकदा वरचा दोरा खाली घेऊन पुन्हा बघा, कारण पिळामुळे दोरे एकमेकांवर दाबले जात असतील तर पहिल्या खेपेस ते लक्षात येत नाही.

काटकोन

गुण्यासाठी पाच कापांची पद्धत वापरावी असे मी सुचवतो. एका चौरस फळीची प्रत्येक नवी कापलेली कड फेन्सला लावत चार बाजू कापायच्या आणि पाचव्या कापाला एक पट्टी वेगळी काढायची. त्या पट्टीच्या दोन्ही टोकांच्या रुंदीत जो फरक येईल त्याला ४ ने भागले की एका कापातली चूक मिळते. चूक चौपट होऊन समोर येत असल्याने साध्या मोजपट्टीनेही ती पकडता येते.

जुनी_पटाशी

ही पद्धत केसाएवढ्या चुकीसाठी आहे. इथे चूक इतकी मोठी आहे की पट्टीच्या दोन टोकांत सेंटिमीटरभर फरक पडेल, आणि कपाटाची एक चांगली फळी मात्र वाया जाईल. गुण्या (काटकोन तपासण्याचे हत्यार) सरळ कडेला लावून एक रेघ ओढावी, तो उलटून त्याच बिंदूतून दुसरी रेघ ओढावी. दोन्ही रेघा एकच झाल्या की गुण्या खरा आहे असे समजावे, आणि मग त्याच गुण्याने रेल व फेन्स तपासावी.

काटकोन

मोठी चूक दूर झाल्यावर शेवटची बारीक जुळणी करायला तरी ती पद्धत लागेलच, एवढेच माझे म्हणणे आहे. आज गुण्या पुरेसा आहे, हे मान्य करतो.

नवी_फळी

टेबल फिरवून पाहिले. मागचा उजवा पायच दोन्ही वेळा उचलला गेला. दोरे मात्र मध्ये अगदी नीट टेकतात, खालीवर बदलूनही टेकतात. गुण्या उलटून तपासला, तो खरा आहे. बिजागरीचे दोन स्क्रू ढिले करून रेल सरळ करण्याचाही मी काल प्रयत्न केला होता, पण घट्ट करताच ती पुन्हा मूळ जागी जाते.

मोजमाप

स्क्रू ढिले केल्याची गोष्ट पहिल्याच मजकुरात यायला हवी होती. यापुढे कृपया कशालाही पाना लावू नये. अनेक कारखाने जुळणी झाल्यावर स्क्रूच्या डोक्यावर रंगाचा ठिपका देतात. तो ठिपका तुटलेला दिसला की "ग्राहकाने स्वतः उघडले" असे म्हणायला जागा मिळते.

स्वतःचा_बाक

हे पटत नाही. फेन्स आणि रेल जुळवून घेणे हे वापरणाऱ्याचेच काम असते, माहितीपुस्तिकेतच तसे लिहिलेले असते. माझ्या टेबलाचा सेक्शन वाकला होता, तेव्हा मी तो व्हाइसमध्ये धरून लाकडी हातोड्याने सरळ केला होता. त्यात एवढे घाबरण्यासारखे काय आहे?

मोजमाप

जुळवण्यासाठी जो भाग मुद्दाम दिलेला असतो तो जुळवणे आणि बिघडलेला भाग दुरुस्त करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुस्तिकेत ज्याचा उल्लेख आहे तेवढेच हलवावे. वाकलेला सेक्शन हातोड्याने सरळ करताना एका जागचा बाक जातो आणि शेजारी लाट उमटते, आणि एकदा वाकलेली जागा पुढे कमजोरच राहते. ओतीव भागाच्या बाबतीत तर असा प्रयत्नच करू नये, कारण ओतीव अ‍ॅल्युमिनियम वाकण्याऐवजी तडकते.

नवी_फळी, आता तीन गोष्टी सांगाव्यात. पोचपावतीवर सही करताना आपण काही शेरा लिहिला होता का? खोके आणि आतले फोम अजून आहेत का? आणि मागच्या उजव्या कोपऱ्याचा ओतीव तुकडा खालून, उजेडात पाहिला आहे का?

नवी_फळी

सही शेरा न लिहिताच केली, कारण खोके उघडलेलेच नव्हते. फोम फेकून दिला आहे, खोके आहे. खोक्याला एका टोकाला हाताच्या पंजाएवढे भगदाड आहे. कोपरा बॅटरी लावून पाहिला. पाय जिथे बसतो तिथून बिजागरीच्या पट्टीपर्यंत एक तडा गेलेला आहे. हा तडा मला आतापर्यंत दिसलाच नव्हता.

जुनी_पटाशी

मग आपले दोन्ही दोष एकाच मुळातून आले आहेत. दोरे टेकतात म्हणजे चौकटीला पीळ नाही. मागच्या उजव्या कोपऱ्यात पाय आणि बिजागरी दोन्ही एकाच तुकड्यावर बसतात. तो तुकडा तडकून किंचित सरकला, म्हणून पाय वर राहिला आणि रेलही तिरपी झाली. स्क्रू घट्ट केल्यावर रेल मूळ जागी का जाते, याचे उत्तरही यातच आहे, कारण स्क्रू ज्याला धरतात तो तुकडाच जागेवर नाही.

या टेबलावर आता एकही काप घेऊ नये. कापताना तो कोपरा आणखी सरकला तर रेल हलेल, पाते फळीत चिमटेल आणि सॉ झटक्याने मागे येईल. कपाट चार दिवस थांबले तरी चालेल.

मोजमाप

आता भगदाडाकडे बारकाईने पाहावे, कारण दावा कोणाविरुद्ध करायचा हे त्यावरून बरेचसे कळते. पुठ्ठ्याच्या कडा आत वळलेल्या असतील तर बाहेरून काहीतरी आदळले आहे, म्हणजे वाहतुकीतली हयगय. कडा बाहेर वळलेल्या असतील तर आतली एखादी जड वस्तू सुटी राहून आतूनच धडकली आहे, म्हणजे वेष्टन अपुरे होते. तड्याचा पृष्ठभागही पाहावा. ताज्या तड्याची आतली बाजू चकचकीत, दाणेदार दिसते. ती काळपट असेल किंवा तड्यात रंग उतरलेला असेल, तर तडा रंग देण्याच्या आधीचा, म्हणजे कारखान्यातलाच आहे.

ओला_पुठ्ठा

मध्यभागाच्या पोकळीबद्दल कोणीच बोललेले नाही. एमडीएफ ओलावा शोषते आणि फुगते, विशेषतः उघड्या कडांकडून आणि भोकांमधून. पोकळीमागे ओलाव्याचाही हात असू शकतो. नवीन फळी आली की भोकांसकट सर्व कडांना वार्निशचे दोन हात द्यावेत.

जुनी_पटाशी

सूचना चांगली आहे, नव्या फळीच्या वेळी ती जरूर पाळावी. १ मिलिमीटर पोकळी हा दर्जाचा दोष आहे, पण कापाच्या काटकोनावर तिचा परिणाम नगण्य आहे. तक्रारीत ती वेगळ्या परिच्छेदात लिहावी. तड्याच्या मुद्द्यात ती मिसळली, तर विक्रेता नुसती नवी एमडीएफ पाठवून विषय संपवील.

नवी_फळी

पुठ्ठ्याच्या कडा बाहेर वळलेल्या आहेत. रेल खोक्यात ज्या बाजूला होती त्याच टोकाला भगदाड आहे, रेलच्या टोकाचा रंग उडालेला आहे आणि दुसऱ्या टोकाशी नेमका हा तडकलेला कोपरा होता. तड्याची आतली बाजू चकचकीत आहे. फोम नसला तरी एक पुरावा सापडला : खोके दारात ठेवलेले असताना माझ्या मुलीने सहज फोटो काढला होता, त्यात भगदाड आणि पत्त्याची चिठ्ठी दोन्ही दिसतात.

मोजमाप

तो फोटो मूळ फाइलच्या स्वरूपात जपून ठेवावा, कारण त्यात दिनांक आणि वेळ नोंदलेली असते. संदेशांच्या अ‍ॅपवरून फिरलेल्या प्रतीत ही नोंद बहुधा गळून पडते. तक्रार आजच, मुदतीच्या आत, लेखी पाठवावी; केवळ फोनवर सांगून थांबू नये. आपला व्यवहार विक्रेत्याशी झाला आहे, म्हणून दावाही विक्रेत्याकडेच करावा. कुरिअरशी काय बोलायचे ते त्यांनी पाहावे. बिजागरीचे स्क्रू आपण ढिले केले होते हेही त्यात स्वतःहून लिहावे. ते नंतर उघडकीस येण्यापेक्षा आपणच सांगितलेले बरे, आणि स्क्रू ढिले केल्याने ओतीव कोपरा तडकत नाही हे कोणाही जाणकाराला कळते.

नवी_फळी

काल रात्री सहा फोटोंसह तक्रार पाठवली, आज उत्तर आले. फक्त कोपऱ्याचा तुकडा पाठवतो, आपणच बसवून घ्या, असे ते म्हणतात. हे स्वीकारावे का?

स्वतःचा_बाक

माझ्या मूळ सल्ल्याला मी थोडी मुरड घालतो. तुकडा बदलणे मला स्वतःला जमेल, पण ज्यांनी हे काम केलेले नाही त्यांनी ते अंगावर घेऊ नये. चौकट पूर्ण सुटी करून पुन्हा गुण्यात आणावी लागते, आणि ती जुळली नाही तर दोष आपल्यावर येतो.

मोजमाप

सहमत आहे. पूर्ण चौकट मागावी, आणि रेललाही धक्का बसलेला असल्यामुळे तिचा सरळपणा तपासावा. कागदावर रेलच्या कडेने रेघ ओढावी, रेल टोकांची अदलाबदल करून रेघेच्या दुसऱ्या बाजूने लावावी, म्हणजे तीच कड पुन्हा रेघेवर येईल, आणि दुसरी रेघ ओढावी. दोन रेघांमध्ये फट उरली तर बाक त्या फटीच्या निम्मा आहे. नवीन माल येईल तेव्हा रेल वेगळी बांधलेली असावी, अशी अटही लेखी घालावी. नाहीतर तीच रेल नव्या कोपऱ्यावर आदळेल.

नवी_फळी

रेल तपासली, दोन्ही रेघा एकच आल्या. विक्रेत्याने चौकट आणि एमडीएफ दोन्ही बदलून द्यायचे मान्य केले आहे, रेल माझ्याकडेच राहील. जुनी चौकट नवी तपासून झाल्यावरच परत देईन, असे मी कळवले आणि त्यांनी त्याला होकार दिला. गुरुवारी माल येणार आहे. सही करण्यापूर्वी खोके चारही बाजूंनी पाहून फोटो काढीन, भगदाड दिसले तर पोचपावतीवर तसा शेरा लिहीन, आणि दोरे व गुण्या लावून आलेली मापे इथे नोंदवीन.

काटकोन

मापे जुळली की एक टाकाऊ फळी घेऊन पाच काप नक्की करून पाहावेत.