भुतीण रडते आणि बघणारे हसतात, काय करावं?

विंगेतून_इंदूर:
४० मिनिटांची मराठी एकांकिका आहे. नदीकाठी रडणारी बाई, तिची मुलं बुडालेली. पांढरी साडी, मोकळे केस, निळा प्रकाश, सगळं जमवलंय. पण स्पीकरवर रडणं लागलं की तालमीला आलेली माणसं फिस्सकन हसतात. तिला हडळ म्हणावं का? आणि रडणं नेमकं कसं रेकॉर्ड करायचं?

उलटे_पाय:
हडळ नका म्हणू. गरोदरपणी किंवा बाळंतपणात गेलेली बाई ती हडळ; अळवंतीणही तिच्याच गोतातली. ती भुलवते, झपाटते. आपल्या माळव्यातल्या चुडैलीसारखेच तिचे पाय उलटे. रडत हिंडणं हे काही तिचं मुख्य काम नाही.

पोटची पोरं स्वतः बुडवून मग पाण्याकाठी ‘हाय माझी लेकरं’ करत फिरणारी ती मेक्सिकोची ला योरोना. तिची मुळं जुनी असावीत. १६व्या शतकात साहागून या स्पॅनिश पाद्र्याने तिथल्या मूळच्या नाहुआ लोकांकडून लिहून घेतलेल्या ग्रंथात, स्पॅनिश येण्याआधीच्या अपशकुनांमध्ये, रात्री लेकरांच्या नावाने आक्रोश करणारी बाई येते. आयर्लंडची बॅन्शी मात्र निराळी. ती कुणाला मारत नाही, ठरावीक घराण्यांत माणूस जाणार हे आधी रडून कळवते. तिकडे मढ्यावर सूर धरून रडणाऱ्या बायका असत, आपल्या राजस्थानातल्या रुदालींसारख्या.

आणि पांढरी साडी सिनेमाने दिली. आपल्याकडे सवाष्ण जाते ती हिरव्या साडीत, कुंकू लावून. तुमची बाई सवाष्ण असेल तर हिरवी नेसवा, निम्मं हसू तिथेच थांबेल.

फेडर_खाली:
भिया, हसू साडीमुळे येत नाही, लूपमुळे येतं. दहा सेकंदांचा हुंदका परत परत लावला की तिसऱ्या फेरीला कान तो ओळखतो आणि भीती संपते. किमान ९० सेकंद सलग रेकॉर्ड करा.

शिवाय ‘हू हू हू’ करायला सांगितलं असणार, ते घुबड झालं. खरं रडणं श्वास आत घेताना ऐकू येतं: तीन-चार तुटक हिसके आत, मग खाली घसरत जाणारा एक लांब सूर, मग शांतता. ही शांतता सगळे कापून टाकतात. ती दोन ते पाच सेकंद, दर वेळी वेगळी ठेवा.

जागा थोडी घुमणारी हवी, रिकामा जिना किंवा हॉल चालेल. पंखे बंद. माइक स्टँडवर, नटी एक वीत-दीड वीत अंतरावर, तोंड जरा तिरकं, नाहीतर श्वासाचे फटके बसतात. मग तिला रडत रडत पाच-सहा मीटर मागे जाऊ द्या, फेडरला (आवाज कमी-जास्त करायच्या पट्टीला) हात लावू नका. फेडरने आवाज नुसता लहान होतो. चालल्याने थेट आवाज आणि खोलीचा घुमारा यांचं प्रमाण बदलतं, आणि कान अंतर मोजतो ते त्यावरून. ‘महल’ (१९४९) मधल्या ‘आयेगा आनेवाला’च्या सुरुवातीला लताबाई लांबून चालत माइककडे आल्या होत्या, ते याचसाठी. इंदुरातच जन्मलेल्या, तेव्हा एवढं तर आपल्याला यायलाच हवं!

वरून रिव्हर्ब, म्हणजे यंत्राने घातलेला घुमारा, टाकू नका. नाट्यगृह स्वतःचा घुमारा घालतंच, दोन्ही मिळून चिखल होतो. समोरचे दोन्ही स्पीकर बंद, विंगेत पडद्याआड एकच चालू.

ला योरोनाबद्दल लोक सांगतात, आवाज जवळ वाटला तर ती लांब असते आणि लांब वाटला तर जवळ. हे तसंच्या तसं उचला. रेकॉर्डिंग जवळून लांब जातंय, आवाज अगदी विरला, की नटीचा प्रवेश.

विंगेतून_इंदूर:
आल्यावर ती रडेल का? दोन वाक्यंही आहेत तिला. आणि हिरवी साडी निळ्या प्रकाशात काळी पडेल ना?

फेडर_खाली:
पडेल. बाजूने एक फिकट अंबर (पिवळसर-केशरी) दिवा मंद लावा, काठ उठतील. प्रवेशानंतर रडणं पूर्ण बंद. रडणारी दिसली की ती बाई होते, भुतीण राहत नाही.

केस तोंडावर असतील तर कॉलरचा माइक नको, केस घासून खरखर येते. कपाळावर, केसांच्या मुळाशी लावा. डोळ्यांपुढे दोन बोटं फट ठेवा आणि रंगमंचाच्या कडेला अंधारात चमकणारी पट्टी चिकटवा, तिला खाली काही दिसत नसतं.

उलटे_पाय:
आणि पावलं उलटी दाखवायच्या फंदात पडू नका. चप्पल उलटी बांधली की चाल लंगडते, परत हशा. साडी जमिनीला टेकू द्या, पाय दिसूच नयेत.