मदत हवी आहे: निऑन टेट्रासोबत अजून कोणते मासे सोडू?

नमस्कार मंडळी. २ फुटी टाकी आहे, पाणी साधारण ६० लिटर. झाडं म्हणजे व्हॅलिस्नेरिया, जावा फर्न आणि लाकडाला बांधलेलं अनुबियास. पाण्यात माशांना घातक अमोनिया, नायट्राइट दोन्ही शून्य. सध्या १० निऑन टेट्रा मजेत आहेत.

आधीचा घोळ सांगतो. दुकानदार म्हणाला, "काही करत नाहीत हो", म्हणून ४ टायगर बार्ब आणले. दुसऱ्या दिवशी सकाळी तेव्हा टाकीत असलेल्या गप्पीची शेपटी तुटक्या कंगव्यासारखी! बार्ब त्याच दिवशी परत.

आता तळाला ६ कोरिडोरस सोडायचे मनात आहे. पण माझी खडी टोकदार, त्यात त्यांच्या मिशा झिजतात म्हणे. पुढचा भाग नुसता बारीक वाळूचा केला तर चालेल, की सगळीच खडी उपसू? (झाडं उपटायचं जिवावर येतं.)

मुलीला एंजलफिशच हवाय. मोठा झाला की निऑन गिळेल, हे मला पटतं, तिला नाही. त्याऐवजी हनी गुरामीची जोडी कशी राहील?

पाणी बोअरचं, निम्मं आरओ मिसळतो, तरी टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) २५० येतो. उन्हाळ्यात तापमान ३१ पर्यंत जातं. कोरिडोरस तेवढं सोसतील का?