युद्धातलं टपाल-कबुतर उत्तर घेऊन परत येतं का?

पिंपळपान
पहिल्या महायुद्धावर एकांकिका लिहितोय. खंदकातला अधिकारी कबुतराच्या पायाला चिठ्ठी बांधतो, ते मुख्यालयात जातं आणि उत्तर घेऊन त्याच खंदकात येतं, असा प्रवेश आहे. जाणकारांना हे खटकेल का? चिठ्ठी नेमकी कशी बांधत?

ढाबळकर
खटकेल. परतीचा भाग काढून टाका. कबुतराला पत्ता कळत नाही, आपली ढाबळ तेवढी कळते. ढाबळ आघाडीच्या मागे असे. तिथली कबुतरं टोपलीत घालून खंदकात नेत, सोडली की ती घर गाठत. टोपली रिकामी झाली की ही वाट बंद. म्हणून शेवटचं कबुतर कधी सोडायचं, हा तुमच्या अधिकाऱ्यापुढचा खरा पेच.

1870-71 च्या पॅरिसच्या वेढ्यातही हेच तंत्र होतं. पॅरिसची कबुतरं बलूनमधून शहराबाहेर न्यायची आणि सूक्ष्म छायाचित्रांवर उतरवलेले हजारो निरोप देऊन परत सोडायची.

महायुद्धात चिठ्ठी पातळ कागदावर लिहून, घट्ट सुरळी करून पायातल्या हलक्या नळीत सरकवत. निरोप महत्त्वाचा असेल तर तोच दोन कबुतरांबरोबर धाडत, कारण वाटेत गोळी आहे, बहिरी ससाणा आहे. सोडण्याआधी पोटभर दाणे द्यायचे नाहीत, नाहीतर ते जवळच्याच फांदीवर बसून राहतं. रात्र, धुकं आणि मुसळधार पाऊस टाळायचा. भिजलेली पिसं जड होतात.

रंगमंचासाठी एक गोष्ट फार उपयोगी पडेल. ढाबळीच्या दाराला लोंबत्या तारा असतात, त्या आतल्या बाजूलाच ढकलल्या जातात. कबुतर आत शिरलं की घंटा वाजेल अशी जोडणी करत. निरोप आल्याचं प्रेक्षकाला आधी कानांनी कळू द्या.

जुनीपानं
शेर अमी या अमेरिकी सैन्याच्या प्रसिद्ध टपाल-कबुतराचा प्रसंग घेणार असाल तर तपशील जपा. 4 ऑक्टोबर 1918, फ्रान्समधलं आर्गॉनचं जंगल. मेजर व्हिटलसींची अमेरिकी तुकडी जर्मनांनी वेढली होती आणि अमेरिकी तोफांचेच गोळे तिच्यावर पडत होते. चिठ्ठीत रस्त्याजवळच्या जागेचा आकडा होता, 276.4, आणि मारा थांबवण्याची विनवणी. कबुतर ढाबळीत पोचलं तेव्हा छातीला जखम होती, एक पाय जवळपास तुटला होता. 1919 मध्ये ते मेलं. पेंढा भरलेलं शरीर वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. अनेक वर्षं त्याच्या लिंगाबद्दल वाद होता. 2021 मध्ये डीएनए तपासणीत तो नर ठरला. मात्र हीच चिठ्ठी त्यानेच नेली याचा निर्विवाद कागदोपत्री पुरावा नाही. त्यामुळे नाटकात कबुतराला दुसरं नाव दिलंत तर बरं.

पिंपळपान
दुसरं नावच देतो. चिठ्ठी वाटेत गळून पडली, तर कबुतर पोचूनही सगळं फुकट, असं दाखवता येईल?

ढाबळकर
दाखवता येईल, पण अगदी फुकट म्हणू नका. फेब्रुवारी 1942 मध्ये विंकी नावाची मादी समुद्रात पडलेल्या ब्रिटिश विमानातून सुटली आणि सुमारे 190 किलोमीटर उडून स्कॉटलंडमधल्या डंडीजवळच्या आपल्या ढाबळीत पोचली. तिच्याकडे चिठ्ठी नव्हती. विमान कोसळल्याची वेळ, ती पोचल्याची वेळ, वाऱ्याची दिशा आणि पिसांना लागलेल्या तेलाने मंदावलेला वेग, एवढ्यावरून शोधाची जागा काढली. विमानातली माणसं सापडली. डिसेंबर 1943 मध्ये डिकिन पदक, म्हणजे युद्धातल्या प्राण्यांसाठीचं ब्रिटिश शौर्यपदक, मिळालेल्या पहिल्या प्राण्यांत ती होती.