'ग्रेस'ला कृपा म्हणायचं की अनुग्रह? आणि 'एन्करेजमेंट'ला नक्की काय म्हणायचं?

धागाकर्ती:

आमच्या प्रार्थनेच्या ग्रुपवर रोज सकाळी एक वचन आणि खाली दोन ओळी टाकायचं काम सध्या माझ्याकडे आहे. इंग्रजीत हे सोपं असतं, एन्करेजमेंट, ग्रेस, ब्लेसिंग, झालं. मराठीत लिहायला बसले की घोडं अडतं. परवा एका मैत्रिणीचं ऑपरेशन ठरलंय म्हणून तिच्यासाठी लिहिलं, 'प्रभूच्या वचनातून तुला उत्तेजन मिळो', आणि पाठवायच्या आधी मोठ्यानं वाचलं तर मलाच हसू आलं, कारण उत्तेजन म्हटलं की डोक्यात एकतर 'उत्तेजनार्थ बक्षीस' येतं नाहीतर खेळाडू पकडले जातात ते उत्तेजक द्रव्य. प्रोत्साहन घातलं तर सरकारी योजनेसारखं वाटतं. मग काय लिहायचं? आणि दुसरा प्रश्न, ग्रेसला कृपा बरोबर की अनुग्रह? बायबलच्या मराठी भाषांतरांत दोन्ही वाचल्यासारखं वाटतंय.

प्रतिसाद:

उत्तेजनार्थ! अहो अगदी अगदी. म्हणजे पहिला नाही, दुसरा नाही, तिसराही नाही, तरी बाळा रडू नकोस. ऑपरेशनच्या आदल्या रात्री कुणाला हे पाठवू नका हो.

तुमचा दुसरा प्रश्न मला जास्त आवडला. कृपा हा शब्द संस्कृत 'कृप्' वरून, कळवळणे, कीव येणे. गंमत म्हणजे कृपणही तिथूनच आलाय. आज कृपण म्हणजे कंजूष, पण मूळ अर्थ दीनवाणा, ज्याची कीव यावी असा. गीतेत 'कृपणाः फलहेतवः' आहे ते ह्याच अर्थानं, फळावर डोळा ठेवणारे बिचारे. म्हणजे एकाच मुळातून देणाऱ्याचाही शब्द निघाला आणि मूठ न उघडणाऱ्याचाही.

अनुग्रहाचं वेगळं आहे. अनु आणि ग्रह्, पकडणं, धरून घेणं, उलट टोकाला निग्रह. पण मराठी कानाला अनुग्रह म्हटलं की गुरूनं दिलेला मंत्र, 'अमक्यांचा अनुग्रह घेतलाय' हेच ऐकू येतं. ख्रिस्ती अर्थानं वापरायला चूक नाही पण एक जास्तीचं सामान बरोबर येतं.

प्रतिसाद:

सामान कृपेबरोबर पण येतंच की. 'साहेबांच्या कृपेने बदली झाली', 'कुणाची कृपा आहे त्याच्यावर, उगाच नाही टिकला'. वरदहस्त, कृपाछत्र, सगळा वशिल्याचा वास. आणि टोमणा मारायला तर कृपेसारखा शब्द नाही, 'तुमच्याच कृपेने हा दिवस बघतोय', 'कृपा करून गप्प बस'. वर 'कृपया' पाटीवर लिहून लिहून इतका गुळगुळीत झालाय की त्यात कृपा उरलेलीच नाही, तो निव्वळ हुकूम आहे. मी स्वतः श्रद्धाळू वगैरे नाही, भाषेपुरतं बोलतोय, पण असल्या शब्दावर तुम्ही एवढा मोठा विचार टेकवता म्हणजे धाडसच.

प्रतिसाद:

वशिल्याचा मुद्दा बरोबर आहे, पण तोच उलटा धरून बघा. वशिला कुणाला मिळतो, ज्याचा उपयोग आहे त्याला, किंवा जो नात्यातला आहे त्याला. बायबलमधली कृपा नेमकी ह्याच्या विरुद्ध चालते.

जुन्या करारात हिब्रू शब्द आहे 'हेन', आणि तो बहुतेक वेळा डोळ्यांबरोबर येतो, 'अमक्याच्या डोळ्यांत हेन सापडणे'. नोहाबद्दल उत्पत्तीच्या ६व्या अध्यायात हेच आहे. मराठीत ह्याला कृपादृष्टी हा आयता शब्द आहे, दृष्टी त्यातच बसलेली, इतका चपखल की जणू ह्याच कामासाठी घडवलाय. रूथ घ्या. परकी, विधवा, दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचणारी. बवाज तिच्याशी चांगलं वागतो तेव्हा ती जमिनीवर पालथी पडून विचारते की मी परदेशी असताना तुझी माझ्यावर कृपादृष्टी का झाली. तिच्याकडे वशिला नाही म्हणूनच तर तिला आश्चर्य वाटतंय!

नव्या करारात ग्रीक 'खारिस'. त्याच घरातला 'खारा' म्हणजे आनंद. ग्रीक लोक पत्राच्या सुरुवातीला 'खायरेइन' लिहायचे, आपलं 'सप्रेम नमस्कार' असतं तसं. नव्या करारातली बरीचशी पत्रं लिहिणारा प्रेषित पौल ते बदलून 'खारिस' करतो आणि त्याला यहुद्यांचं शालोम जोडतो, म्हणून त्याच्या पत्रांत 'कृपा व शांती असो' असं येतं. रोजच्या नमस्कारातच त्यानं अख्खी शिकवण कोंबली. खारिसचा अजून एक अर्थ आभार. म्हणजे मिळालं तेही खारिस आणि मिळाल्यावर तोंडातून निघालं तेही खारिस. मराठीत ह्याच्या जवळचं काही मला तरी सापडलेलं नाही, उपकार म्हणावं तर तो फेडायचा असतो.

प्रतिसाद:

मला वाटतं मराठी माणसाला ग्रेस सगळ्यात आधी भेटतं ते शाळेत, 'ग्रेसवर पास'. पस्तीसला तीन कमी, दिले तीन. आणि मग विमा हप्त्याचा ग्रेस पिरियड. दोन्हीकडे अट एकच, तुम्ही थोडक्यात हुकलेले पाहिजे. जो पाच मार्कांवर बसलाय त्याला ग्रेस नाही.

मी पण वर्षानुवर्षं तसंच समजायचो, की आपण बऱ्यापैकी चांगले आहोत, उरलेले दोन-चार मार्क देव टाकेल. इफिसकरांस पत्र २:८ मध्ये तर सरळ लिहिलंय की तारण कृपेनेच झालं आहे आणि हे तुमच्या हातून झालं असं नाही, ते देवाचं दान आहे. मत्तय २० मधली द्राक्षमळ्याची गोष्ट वाचली तर ग्रेस मार्काचा हिशेबच कोसळतो. सकाळपासून उन्हात राबलेल्याला एक दीनार आणि शेवटच्या तासाला आलेल्यालाही एक दीनार. राबलेले कुरकुर करतात तेव्हा मालक जे म्हणतो त्याचं शब्दशः ग्रीक असं आहे की मी चांगला आहे म्हणून तुझा डोळा वाईट झाला का. आपण म्हणू, डोळ्यात खुपतंय का. वर कृपादृष्टीचा विषय निघाला म्हणून आठवलं, एक डोळा तो आणि एक डोळा हा.

खरं सांगू, मी बरेचदा सकाळपासून राबलेल्यांतलाच असतो आणि मला खुपतं.

प्रतिसाद:

आणि 'फुकट'? मत्तय १०:८, तुम्हांला फुकट मिळाले, फुकट द्या. विनामूल्य, निःशुल्क असलं काही न करता चक्क फुकट घातलंय. मला भाषांतरकर्त्यांचं हे फार आवडतं. आपण फुकट शब्दाला फार बदनाम केलंय, फुकट्या, फुकटचंबू, फुकट गेलं.

ह्यावरून पंडिता रमाबाईंची आठवण होते. त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल एकटीनं मराठीत केलं, ते छापून आलं १९२४ मध्ये, त्या गेल्यावर, १९२२ ला त्या वारल्या. स्वतः संस्कृतात मुरलेली बाई, पण भाषांतर करताना साध्या बायाबापड्यांना वाचता येईल असं सोपं मराठी तिनं धरलं. संस्कृत येत असून न वापरणं हे न येण्यापेक्षा अवघड असतं. तर धागाकर्तीताई, अनुग्रह वगैरे ठेवा बाजूला, कृपा चालेल. वशिल्याचा वास असला तरी निदान सगळ्यांना कळतो.

धागाकर्ती:

सगळ्यांचे आभार (खारिस!). कृपा पक्कं. ग्रेस मार्कांचं मी ग्रुपवर ढापणार आहे, आधीच सांगून ठेवते. पण पहिला प्रश्न राहिलाच, उत्तेजनाचं काय? मैत्रिणीचं ऑपरेशन गुरुवारी आहे हो.

प्रतिसाद:

तिथे मूळ ग्रीक शब्द 'पाराक्लेसिस', आणि तो मराठीत एका शब्दात मावतच नाही. बाजूला बोलावणं, जवळ बोलावणं, असा त्याचा धातू. त्यातून विनवणी, उपदेश, सांत्वन, हुरूप देणं, सगळंच निघतं. म्हणून मराठी बायबलमध्ये कुठे बोध, कुठे सांत्वन, कुठे विनवतो असं वेगवेगळं दिसतं. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या सुरुवातीला ३ ते ७ ह्या पाच ओव्यांत हा शब्द नाम आणि क्रियापद मिळून १० वेळा येतो, मराठीत तिथे सांत्वन आहे, आणि आपल्याकडे सांत्वन म्हणजे कुणी गेल्यावर भेटायला जाणं. ऑपरेशनच्या आधी तेही नको!

बर्णबा आठवा. प्रेषितांची कृत्ये ४:३६, त्याचं खरं नाव योसेफ, प्रेषितांनी ठेवलेलं नाव बर्णबा, मराठीत त्याचा अर्थ दिलाय बोधपुत्र. बोधपुत्र म्हटल्यावर माझ्या डोळ्यापुढे बोट वर करून शिकवणारा माणूस येतो, आणि बर्णबा त्यातला अजिबात नाही. शौल, म्हणजे पुढचा पौल, आधी ख्रिस्ती लोकांचा छळ करायचा, तो नुकताच बदललेला, सगळे त्याला टरकून, तेव्हा त्याला बरोबर घेऊन प्रेषितांकडे गेला तो बर्णबा. पुढे योहान मार्क प्रचाराच्या प्रवासात अर्ध्या वाटेतून परत गेला म्हणून पौल त्याला पुन्हा न्यायला तयार नाही, ह्यावरून दोघांचं इतकं वाजलं की वाटा वेगळ्या झाल्या, आणि बर्णबा मार्कला घेऊन कुप्र बेटाला गेला. मार्क त्याचा भाऊबंद होता हेही खरं, म्हणजे थोडा वशिला असेलच म्हणा. पण म्हाताऱ्या पौलानं आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, लिहिलंय की मार्कला घेऊन ये, तो मला उपयोगी आहे. ह्या माणसाला बोधपुत्र म्हणण्यापेक्षा पाठीराखा म्हटलं असतं तर आपल्याला लगेच कळलं असतं.

प्रतिसाद:

पाठीराखा वरून, 'कैवारी' विसरू नका! योहान १४:१६, दुसरा कैवारी. त्याच धातूतला शब्द, पाराक्लेतॉस. ५ ठिकाणी आलाय, चार योहानाच्या शुभवर्तमानात पवित्र आत्म्याला आणि एक योहानाच्या पहिल्या पत्रात खुद्द येशूला. कैवार घेणं म्हणजे भांडण झाल्यावर आपल्या बाजूनं उभं राहणं, आपली चूक असली तरी. आजी घेते तसा.

प्रतिसाद:

इतका वेळ नुसती वाचत होते. मला वाटतं उत्तर सोपं आहे, धीर. एन्करेज करणे म्हणजे धीर देणे. येशूच्या तोंडी तर किती वेळा आहे. पक्षघाती माणसाला, मुला धीर धर. वादळात शिष्यांना, धीर धरा, मी आहे, भिऊ नका. शेवटच्या रात्री, धीर धरा, मी जगाला जिंकले आहे.

आणि मराठी धीरात दोन गोष्टी एकत्र आहेत, हिंमत आणि थांबणं. 'जरा धीर धर, येतील' म्हणजे वाट बघ, आणि 'धीरानं घे' म्हणजे हिंमत ठेव. स्तोत्र २७ च्या शेवटच्या ओवीत हेच दोन एकमेकांत विणलेत, परमेश्वराची प्रतीक्षा कर, खंबीर हो, हिंमत धर, आणि पुन्हा प्रतीक्षा कर. धीर सुटतो, धीर खचतो, धीर चेपतो, इतकी क्रियापदं ज्या शब्दाला आहेत तो शब्द लोकांनी रोज वापरलाय. उत्तेजनाला सांगा बघू एक तरी, 'देणे' सोडून.

मार्क १० मधला बार्तीमय मला फार आवडतो. आंधळा भिकारी ओरडतोय, लोक त्याला गप्प बस म्हणून दटावतायत, येशू थांबून म्हणतो त्याला बोलवा, आणि लगेच तेच लोक म्हणतात धीर धर, ऊठ, तो तुला बोलावतोय. एका क्षणात दटावणारे धीर देणारे झाले. मी दोन्ही बाजूला उभी राहिलेली आहे.

माझे वडील आयसीयूत होते तेव्हाचं सांगते. फोनवर वचनांचा पाऊस पडत होता, सगळी चांगली, मनापासून पाठवलेली, पण एकही वाचली जात नव्हती. चर्चमधल्या एक काकू आल्या, बाकावर शेजारी बसल्या, माझ्या हातातली रिपोर्टची जाड फाईल काढून घेतली आणि म्हणाल्या, मी धरते, तू डोळे मीट जरा. बस्स. दीड तास ती फाईल त्यांच्या मांडीवर होती. नर्स आली की त्याच उठून कागद काढून देत होत्या. नंतर जुन्या करारातल्या एलीया संदेष्ट्याची गोष्ट वाचताना मला तो बाक आठवला. झाडाखाली पडून मरण मागतोय तो, आणि देवदूत येऊन त्याला समजावत नाही, वचन सांगत नाही, तर हात लावून उठवतो आणि ऊठ, खा म्हणतो. निखाऱ्यावरची भाकर आणि पाण्याचं भांडं. तो खाऊन पुन्हा झोपतो तरी रागावत नाही, दुसऱ्यांदा येतो.

प्रतिसाद:

(मघाचाच, श्रद्धाळू नसलेला) धीर मान्य. माझ्याकडून एक भर. विलापगीतात 'त्याच्या करुणेला खंड पडत नाही, ती रोज सकाळी नवी होते' असं आहे ना? माझी आई म्हणायची. खंड पडणे हे पावसाला, पूजेला, शिक्षणाला म्हणतो आपण, करुणेला लावलंय ते कानाला फार छान लागतं. अर्थ तुम्ही बघा, मराठी म्हणून पैकीच्या पैकी. ग्रेस न घेता.

धागाकर्ती:

तुमच्या आईंची ओळ उद्या सकाळी टाकते.

मैत्रिणीला लिहिलेलं सगळं खोडलं. शेवटी एवढंच पाठवलं, 'धीर धर. गुरुवारी पहाटे साडेपाचला मी खाली गेटपाशी असेन.' तिचा लगेच फोन आला, वचन कुठलं ते विचारलंच नाही, म्हणाली साडेपाचला नको, सहाला ये, त्याआधी आत सोडत नाहीत.

प्रतिसाद:

सहाला जा. आणि फाईल तुम्ही धरा.